फूड प्रोसेसिंग लाइनवर थर्मल कॅमेऱ्याने तपासणी: पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

लाइनवर थर्मल कॅमेरा बसवायचा आणि सदोष पॅक आपोआप बाजूला काढायचे, हे काम ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात सगळं सोपं दिसतं. प्रत्यक्षात बेल्ट चालू असतो, वाफ असते, रोज धुलाई होते, आणि स्क्रीनवरचा आकडा बरोबर की चूक हे सांगणारं कुणी शेजारी नसतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. कॅमेरा तापमान मोजत नाही. वस्तूच्या पृष्ठभागावरून येणारे इन्फ्रारेड किरण तो टिपतो, बहुतेक औद्योगिक कॅमेऱ्यांत ७.५ ते १४ मायक्रॉन या पट्ट्यातले, आणि त्यावरून तापमानाचा हिशोब करतो. डिटेक्टर थंड करावा न लागणाऱ्या नेहमीच्या कॅमेऱ्याची अचूकता साधारण ±२ अंश सेल्सिअस किंवा मोजलेल्या आकड्याच्या २ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. पण त्याच कॅमेऱ्याची संवेदनशीलता ०.०५ अंशाच्या आसपास असते. म्हणजे पॅकचं तापमान सांगताना तो दोन अंशांनी चुकू शकतो, पण एकाच पॅकवरच्या दोन जागांमधला अगदी बारीक फरक तो स्पष्ट दाखवतो. म्हणून शक्य तिथे तपासणी फरकावर उभी करा, सुट्या आकड्यावर नको. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच विचारावर आधारलेल्या आहेत.

हाताशी काय काय हवं

- हातात धरायचा एक थर्मल कॅमेरा, तापमानाचा कच्चा डेटा साठवणारा (पहिल्या चाचणीपुरता भाड्याने चालतो)
- कॅलिब्रेट केलेला प्रोब थर्मामीटर, त्याच्या प्रमाणपत्रासह
- काळी इन्सुलेशन टेप आणि साधा ॲल्युमिनियम फॉइल
- शक्य असेल तर छोटी ब्लॅकबॉडी, म्हणजे ठरावीक तापमानाला स्थिर राहणारा संदर्भ पृष्ठभाग
- लाइनचा लेआउट, बेल्टचा कमाल वेग, मिनिटाला किती पॅक आणि पॅकमधलं कमीत कमी अंतर
- पॅकेजिंग फिल्मचं स्पेसिफिकेशन: जाडी, थर, धातूचा मुलामा आहे की नाही
- सध्याची एचएसीसीपी योजना (अन्नातले धोके ओळखून ते रोखण्याची लेखी योजना) आणि गेल्या काही महिन्यांच्या तक्रारींची नोंदवही
- वॉशडाउनची पद्धत: पाण्याचा दाब, तापमान, कोणती रसायनं

शेवटची गोष्ट हमखास राहून जाते आणि बसवायच्या दिवशी आठवते.

१. आधी दोष ठरवा, कॅमेऱ्याचं मग बघू

"सगळं तपासायचं आहे" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. एक दोष निवडा आणि तीन प्रश्न विचारा. या दोषामुळे पृष्ठभागाच्या तापमानात फरक पडतो का? किती पडतो? आणि किती वेळ टिकतो?

हे तंत्र चांगलं चालतं ती कामं ठरलेली आहेत. हीट सीलमध्ये अडकलेलं अन्न किंवा सुरकुती. बाटलीच्या झाकणाखालचं इंडक्शन सील. तिथे फॉइल तापतं आणि त्याची ऊब झाकणावर कड्यासारखी उमटते. कार्टनवरचा हॉटमेल्ट गोंद, जो बंद फ्लॅपच्या आतूनही थोडा वेळ दिसतो. ओव्हनमधून बाहेर येणाऱ्या मालात बेल्टच्या एका बाजूला पडणारा कमी-जास्त ताव. फ्रीझरमधून अर्धवट गोठून आलेले तुकडे.

आणि जिथे हे तंत्र उपयोगाचं नाही, तिथे ते स्पष्ट सांगून टाका. मालाच्या आत खोल असलेला धातूचा कण थर्मल कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी मेटल डिटेक्टर किंवा एक्स-रे लागतो. मालाच्या गाभ्याचं तापमानही दिसत नाही. हा गैरसमज इतका सर्रास आहे की त्यावर नवव्या पायरीत वेगळं लिहिलं आहे.

२. विकत घेण्याआधी लाइनजवळ उभं राहून पाहा

हातातला कॅमेरा घ्या आणि लाइनवर चार-पाच ठिकाणी उभं राहून रेकॉर्ड करा. चांगले पॅक घ्या, मुद्दाम खराब केलेले पॅकही घ्या. ही पायरी टाळू नका, कारण कॅमेरा नेमका कुठे बसवायचा याचं उत्तर इथेच मिळतं.

ट्रे सीलिंगचं उदाहरण घेऊ. सीलिंग टूल उचललं जातं आणि ट्रे पुढे सरकतो. त्या क्षणी थर्मल चित्रात ट्रेची कड चमकत्या चौकटीसारखी दिसते, आतली फिल्म बरीच मंद. कडेवर ग्रेव्हीचा थेंब अडकला असेल तर त्या चौकटीत एक गार खाच दिसते, कारण थेंबातल्या पाण्याने उष्णता ओढून घेतलेली असते. आता तोच ट्रे पुढे जाऊ द्या. चांगली कड भराभर थंड होते; ओला भाग मात्र उष्णता धरून ठेवतो, कारण तेवढ्याच वजनाच्या पॉलिप्रॉपिलीनपेक्षा पाण्यात साधारण दुप्पट उष्णता मावते. पुढे जाऊन तीच जागा उलट गरम दिसू शकते. याचा अर्थ, मध्ये एक टप्पा असा येतो जिथे दोन्ही सारखेच दिसतात. कॅमेरा नेमका तिथे बसवला तर तो दोष आणि चांगलं सील यांत फरक करूच शकणार नाही, मग कॅमेरा कितीही भारी असो.

म्हणून सीलिंगनंतर वेगवेगळ्या अंतरांवर तोच दोष रेकॉर्ड करा, फरक किती उरतो ते लिहून काढा, आणि फरक सर्वांत मोठा व एकाच दिशेचा असतो ती जागा निवडा. सील तपासणीत ती बहुधा सीलिंग मशीनच्या तोंडाशीच सापडते. तिथे ब्रॅकेटला जागा नाही असं मेंटेनन्सवाले सांगतील. या मुद्द्यावर माघार घेऊ नका.

३. एमिसिव्हिटी आणि परावर्तन समजून घ्या

नवख्या माणसाचे सर्वांत जास्त दिवस इथे जातात. एमिसिव्हिटी म्हणजे आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत वस्तू किती प्रमाणात किरण सोडते ते. पाण्याची साधारण ०.९६ आणि बहुतेक ओलसर अन्नपदार्थांची ०.९ च्या वर, म्हणजे अन्न मोजायला सोपं. घोळ अन्नाभोवतीच्या वस्तू घालतात. पॉलिश केलेलं स्टेनलेस स्टील इन्फ्रारेडसाठी जवळजवळ आरसाच असतो. त्याची एमिसिव्हिटी ०.२ च्या आसपास किंवा त्याहून कमी, ॲल्युमिनियम फॉइलची तर ०.०५ च्या घरात. स्टीलच्या ट्रेवर दिसणारा "गरम डाग" अनेकदा मागच्या ओव्हनचं, वरच्या हीटरचं किंवा तिथे उभ्या असलेल्या ऑपरेटरचं प्रतिबिंब असतं. खात्री करायची सोपी युक्ती: तुम्ही जागा बदला. डागही हलला, तर ते प्रतिबिंब.

दोन चाचण्या करा. पहिली, एमिसिव्हिटीची. ज्या पृष्ठभागावर मोजायचं आहे त्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा. तिची एमिसिव्हिटी साधारण ०.९५ धरतात. टेप आणि पृष्ठभाग एकाच तापमानाला येऊ द्या, टेपवरचं तापमान वाचा, मग शेजारच्या उघड्या पृष्ठभागावर तेवढाच आकडा येईपर्यंत कॅमेऱ्यातली एमिसिव्हिटी बदलत जा. दुसरी, परावर्तित तापमानाची. फॉइल चुरगाळा, पुन्हा सरळ करा, मालाच्या जागी ठेवा, एमिसिव्हिटी १ करा आणि फॉइलवरचं सरासरी तापमान वाचा. आजूबाजूचा परिसर मालावर जेवढं तापमान फेकतो, तो हा आकडा. तो सेटिंगमध्ये भरा. टेप आणि फॉइल दोन्ही चाचण्या लाइन रिकामी असतानाच करायच्या, आणि तुकडे मोजून परत घ्यायचे. परकी वस्तू मालात जाता कामा नये हा नियम आपल्यालाही लागू आहे.

फिल्मबद्दल एक सावधगिरी. पातळ पॉलिथिन या पट्ट्यात बऱ्यापैकी पारदर्शक असतं. फिल्मचं तापमान वाचतोय असं वाटतं, पण खालच्या गरम मालाचे किरणही त्यात मिसळलेले असतात. काचेचं याच्या उलट: डोळ्यांना आरपार दिसते, या कॅमेऱ्याला नाही. त्यामुळे मशीनच्या काचेच्या दारातून डोकावून काही मिळणार नाही. धातूचा मुलामा असलेली फिल्म फॉइलसारखीच वागते. तिथे प्रकल्प पुढे नेण्याआधी दुसऱ्या पायरीतली चाचणी दुप्पट काळजीने करा.

गोठवलेल्या मालासाठी आणखी एक अडचण. उणे २० अंशांवरची वस्तू २५ अंशांवरच्या वस्तूच्या साधारण निम्म्यानेच किरण सोडते. सिग्नल कमकुवत, आणि उबदार खोलीचं परावर्तन मात्र तेवढंच. अशा ठिकाणी मालावर थंड, मॅट पृष्ठभागाचा आडोसा घातला की चित्र खूप सुधारतं.

४. पिक्सेल, लेन्स आणि वेग यांचा हिशोब कागदावर करा

विक्रेत्याला विचारण्याआधी स्वतः करा, अवघड नाही. २५ अंशांची लेन्स एक मीटर अंतरावरून साधारण ४४ सेंटीमीटर रुंदी पाहते. ३२० पिक्सेलमध्ये ती वाटली तर एका पिक्सेलला जवळपास १.४ मिलिमीटर येतात. पण एका पिक्सेलवर मोजमाप विश्वासार्ह नसतं. किमान ३ × ३ पिक्सेल भरले पाहिजेत. म्हणजे या मांडणीत सव्वाचार मिलिमीटरपेक्षा लहान दोषाचं तापमान नीट मिळणार नाही. तुमची सीलची पट्टी पाच मिलिमीटर असेल आणि दोष दोन मिलिमीटरचा पकडायचा असेल, तर ६४० पिक्सेलचा कॅमेरा घ्या, लेन्स बदला किंवा जवळ या.

वेगाच्या बाबतीत एक गोष्ट माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर सहसा नसते. या कॅमेऱ्यातल्या मायक्रोबोलोमीटरचा, म्हणजे किरण टिपणाऱ्या डिटेक्टरचा, प्रत्येक पिक्सेल खरोखर तापतो आणि निवतो, आणि त्याला वेळ लागतो. या वेळेचं माप, म्हणजे वेळ-स्थिरांक, साधारण १० मिलिसेकंद असतो. बेल्ट सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल तर तेवढ्यात माल ५ मिलिमीटर सरकतो. लहान गरम डाग पसरट आणि प्रत्यक्षापेक्षा गार दिसतो. शटर स्पीड वाढवून हे सुटत नाही, कारण तसं शटरच नसतं. उपाय म्हणजे माल क्षणभर थांबतो अशी जागा शोधणं (ट्रे सीलर टप्प्याटप्प्याने चालतो, तिथे ती आयती मिळते), किंवा थंड केलेल्या डिटेक्टरचा महाग कॅमेरा घेणं. मला पहिला मार्ग केव्हाही जास्त पसंत आहे.

फ्रेम रेटही तपासा. निर्यात नियमांमुळे बरेच कॅमेरे ९ हर्ट्झवर मिळतात. अर्धा मीटर वेगाला दोन फ्रेमच्या मध्ये माल साडेपाच सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. ६० हर्ट्झला हेच अंतर आठ मिलिमीटरच्या आसपास येतं.

५. बसवणी: पाणी, वाफ आणि जर्मेनियम

वॉशडाउनच्या भागात आयपी६९ दर्जाचं एन्क्लोजर लागतं (आयपी म्हणजे धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा). ८० अंशांचं पाणी ८० ते १०० बार दाबाने जवळून मारून त्याची चाचणी होते. साधं आयपी६७ पाण्यात बुडवलेलं चालतं, पण अशा फवाऱ्यापुढे टिकेलच असं नाही.

थर्मल लेन्स बहुधा जर्मेनियमची असते. जर्मेनियम ठिसूळ आहे आणि उघड्या मालाच्या वर ते असणं क्वालिटीवाल्यांना मान्य होणार नाही, आणि तेच बरोबर आहे. लेन्सपुढे न तडकणारी पॉलिमरची खिडकी लावा, किंवा कॅमेरा बाजूने तिरका बसवून त्याखाली तुकडे झेलणारा ट्रे द्या. कोणतीही खिडकी लावली की तिच्यातून किती टक्के किरण पार होतात तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरावाच लागतो, नाहीतर सगळी तापमानं चुकतात. खिडकीवर कोरड्या, गाळलेल्या हवेचा हलका झोत ठेवा. वाफेतले थेंब आणि खिडकीवरचं धुकं यांच्यामुळे सगळं चित्र हळूहळू गार दिसू लागतं, आणि हे इतकं सावकाश होतं की कुणाच्या लक्षात येत नाही.

ब्रॅकेट मशीनच्या सांगाड्यावर नको, स्वतंत्र खांबावर घ्या. स्टीलवरचं कॅमेऱ्याचं स्वतःचं प्रतिबिंब टाळायला कॅमेरा १० ते २० अंश तिरपा ठेवा. फार तिरपा केला तर एमिसिव्हिटी घसरते.

६. रंगीत चित्रावर नियम बांधू नका

स्क्रीनवरचे जांभळे-पिवळे रंग माणसासाठी आहेत. बहुतेक कॅमेरे ते रंग प्रत्येक फ्रेमनुसार आपोआप ताणतात. फ्रेममध्ये एखादी खूप गरम वस्तू आली की बाकी सगळा माल गडद होतो, प्रत्यक्षात तापमान तेवढंच असलं तरी. अशा चित्रांवर मर्यादा बसवली किंवा मॉडेल शिकवलं, तर ते चाचणीत छान चालतं आणि लाइनवर कोसळतं. सॉफ्टवेअरला १४ किंवा १६ बिटचा कच्चा रेडिओमेट्रिक (प्रत्येक पिक्सेलच्या तापमानाचा) डेटाच द्या. खरेदीच्या कागदात ही अट लिहून घ्या. काही स्वस्त मॉडेल फक्त व्हिडिओ बाहेर देतात.

नियम साधा ठेवून सुरू करा. सीलची कड तीस-चाळीस तुकड्यांत विभागा. प्रत्येक तुकड्याची तुलना त्याच पॅकच्या कडेच्या मध्यकाशी करा. सीलिंग टूलचे कोपरे मुळातच थोडे गार असतात, म्हणून प्रत्येक तुकड्याचा चांगल्या पॅकमधला नेहमीचा फरक आधी वजा करा. एवढ्यावर अडकलेलं अन्न आणि सुरकुत्या यांचा मोठा भाग पकडला जातो.

इथे एक धोका आहे, तो ओळखा. पूर्ण हीटर बंद पडला तर सगळी कड सारखीच गार होईल, आणि पॅकमधला फरक बघणारा नियम तो पॅक खुशाल पास करेल. म्हणून दुसरा नियम जोडा: कडेचं सरासरी तापमान ठरलेल्या पट्ट्यात हवं. हा पट्टा चालत्या सरासरीवर सोडू नका, कारण हीटर हळूहळू मरत असेल तर सरासरीही त्याच्यासोबत खाली येत राहते. पट्टा ठोस ठेवा, आणि तो स्थिर राहावा म्हणून ब्लॅकबॉडी फ्रेमच्या कोपऱ्यात कायम दिसेल अशी बसवा.

मशीन लर्निंगकडे नंतर वळा, आणि वळाल तेव्हा एकाच पॅकच्या फ्रेम शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या, अशा दोन्ही संचांत येऊ देऊ नका. संच दिवसांनुसार आणि शिफ्टनुसार वेगळे करा.

७. पीएलसी, एन्कोडर आणि रिजेक्ट

गिगई व्हिजन (GigE Vision) कॅमेरा, एका केबलवर वीज आणि डेटा, एम१२ कनेक्टर, आणि पीएलसीशी (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरशी) जोडायला प्रोफिनेट, इथरनेट/आयपी किंवा मॉडबस टीसीपी: हे काम तुमच्या ऑटोमेशनवाल्यांच्या रोजच्या सरावातलं आहे. पॅकचा माग घड्याळाच्या वेळेवर नको, बेल्टची हालचाल मोजणाऱ्या एन्कोडरच्या पल्सवर ठेवा, म्हणजे बेल्ट थांबून सुरू झाला तरी चुकीचा पॅक उडणार नाही. रिजेक्ट खरोखर झाला का हे पाहणारा सेन्सर लावा आणि रिजेक्टची पेटी कुलूपबंद ठेवा.

एक गोष्ट मात्र थर्मल कॅमेऱ्याची खास आहे. दर काही मिनिटांनी तो आतली पट्टी डिटेक्टरपुढे आणून पिक्सेलांमधला फरक सम करून घेतो. "खट्" असा आवाज येतो आणि तेवढ्यात चित्र गोठतं, कधी अर्धा सेकंद, कधी त्याहून जास्त. मिनिटाला १२० पॅक जात असतील तर तेवढ्यात एक-दोन पॅक न तपासताच निघून जातात. ही क्रिया आपोआप ठेवू नका. पीएलसीने मोकळी जागा बघून हुकूम द्यावा. तरीही त्या काळात पॅक आलाच तर तो "तपासला नाही" म्हणून बाहेर काढा. कॅमेरा बंद, केबल सुटली, सॉफ्टवेअर अडकलं, या प्रत्येक वेळी निकाल "नापास" असाच आला पाहिजे.

८. खोटे दोष करून पडताळा

दोषांची यादी करा आणि प्रत्येक दोष हाताने तयार करा: कडेवर ग्रेव्ही, तेल, कोरडा कण, फिल्मची घडी, एक हीटर कमी. तेल आणि पाणी वेगळं वागतात, दोन्ही घ्या. दोष कडेच्या चारही बाजूंना ठेवून पाहा. लाइन पूर्ण वेगाने, गार सुरुवातीला आणि तापल्यावर, अशा दोन्ही वेळी चालवा. कॅमेऱ्यालाही चालू केल्यावर स्थिर व्हायला अर्धा तास द्या.

दोन आकडे वेगवेगळे लिहा: सुटलेले दोष आणि विनाकारण बाहेर काढलेले चांगले पॅक. दुसरा आकडा वाढला की ऑपरेटर कंटाळून मर्यादा सैल करतात, म्हणून मर्यादा पासवर्डमागे ठेवा आणि बदलाची नोंद आपोआप होऊ द्या. बाहेर काढलेल्या पॅकची डाय (रंगीत द्रव) किंवा व्हॅक्यूम वापरून लीक चाचणी करून कॅमेऱ्याचा निकाल ताडून पाहा.

९. एचएसीसीपीमध्ये याची जागा

शिजवणं हा तुमचा क्रिटिकल कंट्रोल पॉइंट, म्हणजे धोका रोखण्याचा निर्णायक टप्पा, असेल, तर त्यासाठी प्रोब काढून टाकून हा कॅमेरा लावू नका. लिस्टेरिया या जिवाणूसाठी अनेक ठिकाणी धरला जाणारा निकष गाभ्यात ७० अंश, दोन मिनिटं असा आहे, आणि गाभा कॅमेऱ्याला दिसत नाही. ओव्हनमधून बाहेर आलेल्या मालाचा पृष्ठभाग बाष्पीभवनाने पटकन निवतो. ग्रिलखालून आलेल्याचा पृष्ठभाग गाभ्यापेक्षा कितीतरी गरम असतो. दोन्हीकडे पृष्ठभागावरून गाभ्याचा अंदाज फसवा ठरतो. कॅमेऱ्याचा खरा उपयोग इथे वेगळा आहे: बेल्टवरचा सर्वांत गार पट्टा कोणता ते तो दाखवतो, म्हणजे प्रोब कुठे खुपसायचा ते कळतं.

फाइलमध्ये एवढं ठेवा: धोका विश्लेषणातली नोंद, मर्यादा कशा ठरवल्या त्याचा अहवाल, पडताळणीचे निकाल चित्रांसह, कॅमेरा आणि ब्लॅकबॉडीची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं (प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ मान्यताप्राप्त असलेली बरी), सॉफ्टवेअरची आवृत्ती, आणि ऑपरेटर प्रशिक्षणाच्या सह्या.

१०. रोजचं काम

शिफ्टच्या सुरुवातीला आणि शेवटी ठरलेले चाचणी पॅक सोडा. खिडकी मऊ कापडाने पुसा. ब्लॅकबॉडीचा आकडा लिहा. तो सरकला तर आधी खिडकी तपासा, मग कॅमेरा.

आठवड्यातून एकदा कडेच्या तुकड्यांचे आलेख काढून बघा. एखादा तुकडा आठवडाभर हळूहळू गार होत असेल, तर पॅक नापास होण्याच्या कितीतरी आधी त्या जागचा हीटर किंवा सीलिंग रबर मेंटेनन्सला कळवता येतो.

फिल्मचा पुरवठादार, जाडी किंवा छपाई बदलली, ट्रेचा रंग बदलला, बेल्टचा वेग वाढवला, वरचे दिवे किंवा हीटर हलवले, की तिसरी आणि आठवी पायरी पुन्हा करायची. खरेदी विभागाला हे आधीच लेखी कळवून ठेवा, कारण फिल्म बदलल्याची बातमी लाइनवर बहुधा नवा रोल चढवतानाच पोचते.